मळमळतंय हे इंग्रजीत कसं सांगायचं? नॉशस की नॉशिएटेड?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी नर्स आहे, यूकेला जायचंय म्हणून ओईटीची (डॉक्टर-नर्स अशा लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) तयारी चालू आहे. त्यात स्पीकिंगला पेशंटशी बोलायचा रोलप्ले असतो, तिथे मी "आर यू फीलिंग नॉशस?" असं विचारलं तर क्लासचे सर म्हणाले हे साफ चूक, नॉशस म्हणजे किळस आणणारं, म्हणजे तुम्ही पेशंटलाच किळसवाणं म्हणताय, नॉशिएटेड म्हणायचं. पण आमच्या वॉर्डातले डॉक्टर, इंग्रजी सिरीयलमधली माणसं, सगळे नॉशसच म्हणतात हो. नक्की धरायचं काय? आणि 'व्हॉमिटिंग सेन्सेशन' चालतं का तिकडे? आपल्याकडे केसपेपरवर सर्रास तेच असतं.

शब्दवेडा
ताई, सर म्हणतात तो नियम खरा होता, पण जुना झाला. मुळात हा शब्द ग्रीकमधल्या जहाजाच्या शब्दावरून आलाय, म्हणजे आपण बोट लागली म्हणतो ना, नेमकं तेच. पुढे नॉशस म्हणजे मळमळ आणणारं आणि नॉशिएटेड म्हणजे ज्याला मळमळतंय तो, अशी वाटणी करून ती शिकवणारे बरेच झाले. लोकांनी काही ती पाळली नाही. अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीवाले लेखक-संपादकांचं एक पॅनेल ठेवायचे आणि त्यांना अशा वापरांबद्दल विचारायचे, १९८८ मध्ये त्यातले ७२ टक्के म्हणाले की रोलर कोस्टरमध्ये बसून माणूस नॉशिएटेडच होतो, नॉशस नाही, आणि १९९९ मध्ये ६१ टक्क्यांनी नॉशस चालेल म्हणून सांगितलं! अकरा वर्षांत पारडं फिरलं. मेरियम-वेबस्टर ही डिक्शनरी तर स्पष्ट लिहिते की याला चूक म्हणणारेच चुकतात.
मला वाटतं आपला गोंधळ होतो कारण मराठीत अडचणच नाही. 'मला मळमळतंय', 'मला शिसारी आली', माणूस कायम 'मला'मध्ये, आणि वास असेल तर तो 'किळसवाणा'. इंग्रजीत माणूसही 'इज' आणि वासही 'इज', मग फरक सगळा त्या एका शब्दावर येऊन पडतो.

साताऱ्याची_लेक
गोदाकाठ ताई, मी इथे इंग्लंडमध्ये सर्जिकल वॉर्डला आहे. या दोन्ही शब्दांवाचून तुझं काही अडणार नाही बघ. इथले पेशंट सरळ "आय फील सिक" म्हणतात, म्हणजे मळमळतंय. आणि "आय हॅव बीन सिक" म्हणजे उलटी झाली. हा फरक मात्र पक्का डोक्यात ठेव, कारण आपल्या कानाला सिक म्हणजे आजारी, आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हरला कोणी "ही वॉज सिक ट्वाइस" म्हणालं की दोनदा ओकला असा अर्थ असतो, औषध तोंडाने द्यायचं की नाही इथवर त्यावरून ठरतं. तू "डू यू फील सिक? हॅव यू ॲक्च्युअली बीन सिक?" असं विचार, आजीबाईंनाही कळतं. लिहिताना नुसतं नाम वापर, 'नॉशिआ, नो व्हॉमिटिंग', वादच मिटला.
व्हॉमिटिंग सेन्सेशन नको, आणि "व्हॉमिटिंग इज कमिंग" तर नकोच. समोरचा एकतर बुचकळ्यात पडतो नाहीतर भांडं आणायला पळतो.

कोकणकडा
वरचं सगळं पटलं, एकच जोडतो. वास, जखम, जेवण अशा गोष्टींबद्दल नॉशस वापरू नका, आता तो जुनाट वाटतो, ऐकणारा क्षणभर अडतो. 'नॉशिएटिंग' म्हणा, घरगुती बोलण्यात 'डिस्गस्टिंग'. पण "आय ॲम डिस्गस्टेड" जपून हं. आपण किळस आली म्हणून बोलून जातो, तिकडे ते संतापून, तुमच्या वागण्याची चीड आली अशा अर्थाने जास्त घेतात. नर्सने पेशंटसमोर किंवा नातेवाइकांसमोर हे वाक्य काढलं तर तक्रारच व्हायची.

गोदाकाठ
किती छान समजावलंत सगळ्यांनी! सिकचं तर माहीतच नव्हतं. पण परीक्षेत इतकं साधं बोललं तर मार्क नाही ना कापणार? आणि माझी मावसबहीण अमेरिकेत नर्स आहे, तिकडेही हेच का?

साताऱ्याची_लेक
अगं उलट, ओईटीच्या स्पीकिंगमध्ये भाषा त्या माणसाला साजेशी आहे का याचे वेगळे मार्क असतात, पेशंटला कळेल असं बोललीस तर ते तुझ्याच बाजूने. जड शब्द रायटिंगच्या पत्रासाठी ठेव, ते बहुतेक वेळा डॉक्टरला किंवा दुसऱ्या नर्सला असतं. सरांशी वाद घालत बसू नकोस, क्लासमध्ये नॉशिएटेड म्हण, ते कुठेच चूक नाही.

परदेशी_पाटील
अमेरिकेचं मी सांगतो, न्यू जर्सीत असतो. इथे नुसतं "आय ॲम सिक" म्हणजे आजारी, ताप सर्दी काहीही. मळमळीला "सिक टु माय स्टमक" नाहीतर सरळ नॉशस, डॉक्टरसुद्धा तेच विचारतात. उलटी झाली का विचारायचं तर "डिड यू थ्रो अप?"