तेझेला जायचंय, मंडळीने जमवलेले पैसे व्हिसाच्या कागदांत कसे दाखवू?

नगरची लेक

सर्वांना सलाम. पुढच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या तेझेला, तिथल्या ख्रिस्ती व्रतस्थ बंधूंच्या समुदायात प्रार्थनेसाठी, एक आठवडा जायची माझी फार इच्छा आहे. मी बालवाडीत शिकवते, पगार ९,०००. वडील एसटीतून निवृत्त. आपल्या बळावर हे जमणारच नव्हतं. पण आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेनंतर विषय काढला आणि मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मनावर घेतलं. कापणीच्या सणाच्या लिलावात एकच कोंबडी तीनदा विकली गेली, घेणारा परत देऊन टाकायचा! स्त्रीमंडळाने शेवया आणि लोणचं विकलं. सगळे मिळून १,१५,००० रुपये झाले. बहुतेक रोख, खजिनदारकाकांच्या कपाटात.

एक एजंट म्हणाला, "सगळे एकदम खात्यात भरा, विचारलं तर बचत म्हणून सांगा." मला ते नको आहे. प्रार्थनेला जायचं आणि सुरुवातच खोट्याने करायची? पण खरं सांगितलं तर व्हिसा नाकारतील का, ही भीतीही आहे. कुणी असं गेलंय का?

मिरजकर

ताई, मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो, माझंही अर्धं तिकीट मंडळीचंच होतं. एजंटचं मुळीच ऐकू नका. ९,००० पगाराच्या खात्यात एका दिवशी लाखभर रुपये दिसले की पहिला प्रश्न त्यावरच येणार.

मी असं केलं. पंच कमिटीने ठराव केला: अमुक व्यक्तीला, अमुक कामासाठी, इतकी रक्कम. ठरावाची प्रत, पाळकसाहेबांचं सही-शिक्क्याचं पत्र आणि मंडळीच्या खात्याचा उतारा जोडला. पैसे मंडळीच्या खात्यातून माझ्या खात्यात चेकने आले, त्यामुळे कुठून आले ते कागदच सांगत होता. अर्जासोबतच्या पत्रात मी सरळ लिहिलं की माझा खर्च माझी मंडळी करते आहे. तुम्ही शाळेचं रजेचं पत्रही घ्या, परत येणार हे त्यातून दिसतं. व्हिसा देणं न देणं त्यांच्या हातात, पण लपवण्यासारखं काही नसलं की खिडकीपाशी हात थरथरत नाहीत.

तेझेच्या बंधूंना आताच लिहा. मी सात महिने आधी लिहिलं होतं, पाळकसाहेबांचं पत्र जोडून. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत प्रवासाच्या १५ दिवस आधीची, पण तिच्यावर विसंबू नका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

तिथला खर्च थोडाच. राहणं-जेवण मिळून जे द्यायचं ते देशानुसार ठरलेलं असतं. बंधू स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत, आपल्या कष्टावर जगतात, मातीची भांडी करून विकतात. ब्रदर रोजे १९४० साली त्या खेड्यात आले आणि युद्धात निर्वासितांना, ज्यू लोकांनाही, त्यांनी आसरा दिला. आज तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बंधू एकत्र राहतात. आपल्याकडे एकाच गावात दोन मंडळ्यांची तोंडं दोन दिशांना असतात, म्हणून मला ते पाहून रडू आलं.

पॅरिसहून रेल्वेने माकाँ-लोशेपर्यंत, पुढे बस. स्लीपिंग बॅग, टॉर्च, रेनकोट न्या. ऑगस्टमध्येही रात्री गारठा असतो. प्रार्थना दिवसातून तीनदा, बरेच जण जमिनीवरच बसतात, आपल्याला ते सोपं. गाणी अगदी छोटी, भजनाच्या ध्रुपदासारखी पुन्हा पुन्हा म्हणायची. जेवायला फक्त चमचा. भांडी घासायची पाळी प्रत्येकाला येते.

हिशेबनीस, पुणे

कराचं सांगतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आले, तर ती पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात. मंडळीचा ट्रस्ट आयकर खात्यात धर्मादाय म्हणून नोंदलेला असेल, तर त्याच्याकडून आलेल्या रकमेला हे लागू नाही. म्हणून रोख आधी ट्रस्टच्या खात्यात, पावत्या फाडून. तसंही तुमचं उत्पन्न हे धरूनही करपात्र मर्यादेखाली राहतं. तरी विवरणपत्र भरा, व्हिसाच्या फायलीत कामाला येतं.

वसईची मावशी

बाळा, थोडं लोणचं तुझ्यासाठीही ने, चेक-इनच्या बॅगेत, नीट बांधून. आणि एखादं मराठी भजन पाठ कर. आमच्या मुलीला तिथल्या गटाने तिच्या भाषेतलं गाणं म्हणायला लावलं होतं.

नगरची लेक

मिरजकरदादा, हिशेबनीसकाका, मावशी, मनापासून आभार. पाळकसाहेबांशी बोलले, ठराव येत्या बैठकीत घेतील. खजिनदारकाकांनी वही दाखवली. त्यात एका आजींच्या नावापुढे '११ रुपये, रोख' आहे. काका म्हणाले, एवढ्याशा रकमेची पावती कशाला? मी म्हटलं, त्यांचीही फाडायची. रविवारी मीच नेऊन देणार आहे.