चॅनल म्हणजे वाहिनी, तर ट्रॅक म्हणजे काय?

खारफुटी:
आम्ही ऐरोलीतल्या सहाजणी मिळून कोळीवाड्यातल्या जुन्या धवलारणींकडून, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या बायकांकडून, लग्नातले धवले (ती गाणी) रेकॉर्ड करतोय. बोलताना दोन कॉलर माइक असतात. आजींचा डाव्या चॅनलवर, प्रश्न विचारणारीचा उजव्या. प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडली की दोन्ही एकाच स्टिरिओ ट्रॅकवर बसतात. हेडफोन लावला तर आजी डाव्या कानात आणि प्रश्न उजव्या कानात! त्यामुळे क्लिप टाइमलाइनवर घ्यायच्या आधीच ‘मॉडिफाय’मधल्या ‘ऑडिओ चॅनल्स’मध्ये जाऊन दोन वेगळे मोनो, म्हणजे एकेका चॅनलचे ट्रॅक, करावे लागतात. आधी टाकलेल्या तुकड्यांना नंतर केलेला बदल लागत नाही.

हे सगळं मैत्रिणींसाठी मराठीत लिहून काढलं: ‘पहिली वाहिनी पहिल्या मार्गिकेवर आणि दुसरी वाहिनी दुसऱ्या मार्गिकेवर वळवा.’ एकीने विचारलं, वाहिनी म्हणजे टीव्हीची का? दुसरीला मार्गिका वाचून मेट्रो आठवली. मला चॅनल आणि ट्रॅक यांतला फरक दाखवणारे दोन शब्द हवेत, आणि ‘रूट करणे’साठी एक चांगलं क्रियापद. सुचवा.

मात्रावेलांटी:
वाहिनी सोडू नका. रक्तवाहिनी, जलवाहिनी, वीजवाहिनी हे शब्द टीव्हीच्या कितीतरी आधीचे आहेत. जिच्यातून काही वाहून नेलं जातं ती वाहिनी, इतका सरळ अर्थ आहे. सावरकरांनी दिनांक आणि महापौर हे शब्द दिले तेव्हा तेही लोकांना जड वाटलेच असतील. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

हेडफोन:
ताई, मी वीस वर्षं ठाण्यात डबिंगचा आवाज बसवतोय. ‘एक-दोनवर फुल मिक्स, तीन-चारवर एम अँड ई’, ही आमची रोजची बोली; म्हणजे पहिल्या दोन चॅनलवर सगळा आवाज, पुढच्या दोनवर संवाद सोडून संगीत आणि इतर आवाज. तिथे वाहिनी म्हटलं तर समोरचा थांबून विचार करेल, आणि तेवढ्यात चूक होते. चॅनल हा शब्द मराठीच झालाय, तो तसाच ठेवा.

फरक मात्र समजावून सांगा. फाइव्ह पॉइंट वनचा ट्रॅक एकच असतो, पण त्याच्या आत चॅनल सहा: डावा, उजवा, मधला, घुमणाऱ्या खालच्या आवाजाचा, आणि मागचे दोन. ट्रॅक ही जागा आहे, चॅनल हा त्या जागेत बसलेला एकेक आवाज.

आणि हे काम हलक्यात घेऊ नका. एका सभागृहात माझ्या ओळखीच्यांची अशीच मुलाखत दाखवली. उजवा स्पीकर जोडलेलाच नव्हता. पाऊण तास नुसती उत्तरं ऐकू आली, प्रश्न एकही नाही. बोलणाऱ्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

पाटकरी:
क्रियापद माझ्याकडे आहे. आमचं गाव निफाडकडे, आता राहायला कोपरखैरणे. पाटाला पाणी सुटलं की रात्री दारं धरायला जायचो. एका वाफ्याचं तोंड फावड्याने मातीचा गोळा टाकून बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं, पाणी तिकडे वळतं. रूट करणं म्हणजे दारं धरणं. शहरात एवढं नको असेल तर नुसतं ‘वळवणं’ घ्या, खारफुटीताईंनी ते लिहिलंच आहे.

कोपरी पूर्व:
ठाण्यात बसून पाटाकडे कशाला जायचं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यालाच आली. माझे आजोबा रेल्वेत सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तो सांधा. ट्रॅकला रूळ म्हणा आणि रूट करण्याला सांधा बदलणं.

हेडफोन:
दोन्ही शब्द आवडले, पण दोन्हींत अडचण आहे. सांधा बदलला की गाडी एकाच रुळावर जाते. पाणी दोन वाफ्यांत सोडलं की निम्मं-निम्मं होतं. आवाज मात्र दोन ट्रॅकवर पाठवला तरी दोन्हीकडे पुरा जातो. दिव्याने दिवा लावावा तसा.

मात्रावेलांटी:
मग ट्रॅकला ‘पट्टी’ का नको? हा शब्द हवेतून आणलेला नाही. सिनेमाच्या रिळाच्या कडेला आवाजाची खरोखरच एक पट्टी छापलेली असायची. ध्वनिपट्टी म्हणायचे तिला.

खारफुटी:
पट्टी आमच्याकडे चालणार नाही. आम्ही गाणी रेकॉर्ड करतो! ‘आजींची पट्टी बदला’ असं लिहिलं तर सगळ्या काळी चार की पांढरी दोन हे शोधत बसतील.

पाटकरी:
मग चॅनलला कालवा घ्या. मोठा कालवा, त्याच्या चाऱ्या, चाऱ्यांच्या पोटचाऱ्या. किती आवाज कुठे जातात ते एका दमात कळतं.

खारफुटी:
दादा, आमच्या आजींना विचारा कालवा म्हणजे काय. खाडीतल्या खडकाला चिकटलेली कालवं! टोकदार कोयतीने शिंपला फोडून काढायची.

मात्रावेलांटी:
पाण्याचा कालवा आणि खाण्याचं कालव यांचा काही संबंध असेल का? कालवणही त्यातूनच आलं का?

कोपरी पूर्व:
कालवण कालवण्यावरून आलं, भात कालवायचा म्हणून. आमच्याकडे मासळीचं तेच कालवण, बाकी सगळ्या भाज्या.

पाटकरी:
देशावर वांग्याचंही कालवणच असतं. मासळी लागतच नाही.

हेडफोन:
ताई, एक राहिलंच. दोन्ही माइक मोनोत एकत्र करताना जपा. आजींच्या माइकमध्ये मुलीचाही आवाज थोडा जातो, किंचित उशिराने. दोन्ही सतत चालू ठेवले तर आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. जी बोलत नसेल तिचा माइक खाली घ्या.

खारफुटी:
हे काल ऐकलं होतं, कारण कळलं नव्हतं. आज तसं करून बघते. सध्या कागदावर ‘आजींचं चॅनल पहिल्या ट्रॅकवर वळवा’ असं लिहिलंय. ‘वळवा’ सगळ्यांना लगेच कळलं. ट्रॅकला शब्द अजून हवाच आहे.

कोपरी पूर्व:
रूळ!

मात्रावेलांटी:
रूळ लोखंडाचा असतो. आणि पाटकरी, वांग्याच्या त्या प्रकाराला रस्सा म्हणतात.