मदत हवी आहे : तापीच्या पाण्यातल्या जांभळ्या बॅक्टेरियाबद्दल

राम राम मंडळी, जळगावला एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय, प्रोजेक्टसाठी हतनूर धरण आणि वाघूरचं पाणी न्यूट्रियंट अगारवर (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) लावलंय. पिवळ्या, केशरी कॉलनी (जंतूंचे ठिपके) भरपूर आल्या पण मला सगळ्यात ओढ लागलीय ती गडद जांभळ्यांची, इतका सुंदर रंग की प्लेट बाजूला ठेवावीशीच वाटत नाही. रंग व्हायोलासीन या पिगमेंटचा असणार, ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं, पण ते बनवणारे जंतू क्रोमोबॅक्टेरियम पण असतात आणि जँथिनोबॅक्टेरियम पण. माझे ३७ डिग्रीला मस्त वाढतात, जँथिनोबॅक्टेरियम इतक्या तापमानाला सहसा वाढत नाही, म्हणून मला क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमच वाटतंय, ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीत पण हाच भरपूर सापडतो.

आता खरी अडचण. एकाच जांभळ्या कॉलनीवरून स्ट्रीक केलं (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवलं) तरी मधेच पांढऱ्या कॉलनी येतात, परत शुद्ध करून घेतल्या तरी पांढऱ्याच राहतात. या पिगमेंटच्या जीनमधल्या म्युटेशनने पांढऱ्या झाल्या का कोरम सेन्सिंग (जंतूंची संख्या वाढली की रासायनिक संदेशांनी रंग सुरू होतो ते) बिघडलंय, हे कसं ओळखायचं? जांभळ्या कल्चरचं सुपरनेटंट (जंतू काढून उरलेलं द्रव, त्यात ते संदेश असतात) पांढऱ्यांना देऊन रंग परत येतो का बघावं असं डोक्यात आहे, कोणी केलंय का असं?

आणि १६ एस (जंतू ओळखायला वापरतात तो जीन) ने जात कळेल पण एकाच जातीतल्या स्ट्रेनमधला (उपप्रकारांमधला) फरक त्यात फारसा दिसत नाही, मग बॉक्स पीसीआर (स्ट्रेनचा डीएनए ठसा काढायची पद्धत) करू का सरळ व्हायो ए (व्हायोलासीन बनवण्यातला एक जीन) सिक्वेन्स करू? बजेट कमी आहे, एकच काहीतरी जमेल. क्रोमोबॅक्टेरियम क्वचित पण माणसाला गंभीर इन्फेक्शन करतो म्हणून हाताळताना काय काळजी घेता तेही सांगा प्लीज.