येळ्ळूर-वडगाव शिवारातली भातजमीन टीडीआरने राखता येईल का?

शिवारकट्टा
बेळगावच्या वडगाव, शहापूर, येळ्ळूर पट्ट्यात बासमतीची जमीन झपाट्यानं प्लॉटांत चाललीय. शेजारी एन.ए. (बिगरशेती) झालं की भराव पडतो, पाट बुजतो आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी वावरातून हलत नाही. सहा खातेदारांची मिळून १२ एकर जमीन सलग आहे. एजंट म्हणतो, टीडीआर (जमिनीचा बांधकाम हक्क दुसरीकडे वापरायला विकणं) घ्या, जमीनही राहील, पैसेही मिळतील. कर्नाटकात असं होतं का?

नकाशावाचक
नाही, एजंट अर्धंच सांगतोय. इथला टीडीआर म्हणजे कर्नाटक नगररचना कायदा १९६१, कलम १४-बी. रस्ता रुंदीकरण, बाग अशा सार्वजनिक कामाला लागणारी जागा रोख मोबदला न घेता सोडायची, बदल्यात विकास हक्काचं प्रमाणपत्र (डीआरसी) मिळतं. म्हणजे जमीन हातातून गेलीच.

तुम्हाला हवं तसं अमेरिकेत, मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत १९८० पासून आहे. सुमारे ९३,००० एकर शेती राखीव केली. घर २५ एकरांना एकच, पण विकण्याजोगा हक्क दर ५ एकरांमागे एक. १०० एकरवाल्याकडे २० हक्क. जितकी घरं बांधायची तितके हातात ठेवायचे, बाकीचे बिल्डरला विकायचे. बिल्डर ते ठरवून दिलेल्या दुसऱ्या भागात जादा घरांसाठी वापरतो. शेतावर कायमचं बंधन नोंदलं जातं, मालकी आणि नांगर शेतकऱ्याकडेच. यासाठी मास्टर प्लॅनमध्ये हक्क देणारा आणि घेणारा असे दोन्ही पट्टे लागतात.

एफएआर_हिशेब
घोडं अडतं ते खरेदीदारापाशी. शहरात बिल्डरला मूळ एफएआर (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) पुरत असेल, किंवा थोडे पैसे भरून जादा मिळत असेल, तर तुमचा हक्क कोण कशाला घेईल? त्याहून स्वस्त वाट म्हणजे शेतातच बाँडवर (रजिस्टर न करता स्टँप पेपरवर) विकलेले गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट. ती वाट मोकळी असेपर्यंत टीडीआर कागदावरच राहणार.

दुसरं, दर. महाराष्ट्राच्या २०१६ च्या नियमांत हक्काचं क्षेत्र गुणिले मूळ जागेचा सरकारी दर, भागिले वापराच्या जागेचा दर. नमुन्यापुरते आकडे घ्या: शेताचा दर चौरस फुटाला ४०० रुपये, शहरात टिळकवाडीत ४,०००. मग एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट तिकडे जेमतेम १०९ उरतात. हे सूत्र शेतीला लावलं तर शेतकरी हसेल. वरच्या उदाहरणातला २५ आणि ५ चा फरक म्हणूनच महत्त्वाचा. बंधनाची भरपाई तिथून निघते.

दस्तनोंद
खासगी करारावर भिस्त ठेवू नका. 'इथे कधी बांधणार नाही' असं स्टँप पेपरवर एखाद्या संस्थेला लिहून दिलं तरी पुढच्या खरेदीदाराला ते बांधेलच असं नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हक्क दुसऱ्या जमिनीच्या उपयोगासाठी असावा लागतो. तुमचे सहाही खातेदार लागून आहेत, हे जमेचं. पाट, बांध, निचरा एकमेकांच्या जमिनीसाठी राखायचा परस्पर दस्त रजिस्टर करा. मसुदा दिवाणी वकिलाकडूनच.

त्याआधी उताऱ्याचा (आरटीसी) रकाना ११ बघा, सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. ईसी (जमिनीवरच्या बोजा-व्यवहारांचा दाखला) काढा. वारसा लागलेला नसेल किंवा पोडी (मोजणी करून वाटणी) होऊन हिस्से फुटले नसतील तर सहाचे सोळा सहीदार निघतात, आणि एक अडला की सगळं अडतं.

शिवारकट्टा
आणि बायपास? हक्क विकला तर संपादन थांबतं का?

दस्तनोंद
नाही थांबत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० बागायती दुबार जमिनीला संरक्षण देतं, पण हायवे, रेल्वे, कालवा असे लांबट प्रकल्प त्यातून वगळलेत. हलगा-मच्छे बायपाससारख्या रस्त्याला त्याचा अडसर नाही.

नकाशावाचक
सध्या हातात आहे ते हरकतीचं काम. आधी सर्व्हे नंबर बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) नियोजन क्षेत्रात आणि शेती विभागात आहेत का बघा. नगररचना कायद्याच्या कलम १४-ए खाली जमिनीचा वापर बदलायचा तर वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन हरकतींना किमान १५ दिवस द्यावे लागतात. जाहिरात कन्नड पेपरात आली की मराठी वाचणाऱ्या गावात कुणाच्या नजरेला पडत नाही, तेव्हा एकानं रोज दोन्ही पेपर चाळायचे. हरकतीत 'शेती वाचवा' एवढंच नको. सर्व्हे नंबर, गाव नकाशावर लाल शाईनं पाट आणि नाल्याकडचा उतार, भराव पडला तर कुठल्या वावरात पाणी तुंबेल ते लिहा. पोच घ्या.