मदत हवी आहे: 'पाठलाग' (१९६४) आणि 'आशा परत येते'

नमस्कार मंडळी,

राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'वर एक लेख लिहितोय. बायको गेली म्हणून खचलेल्या नवऱ्यासमोर तिच्याचसारखी दिसणारी बाई कोर्टात उभी राहते आणि मीच तुमची बायको म्हणते. काशिनाथ घाणेकर, भावना. (शेवट इथे फोडत नाही, नव्या पिढीने तो पडद्यावरच पाहावा.)

या मराठी रहस्यपटावरून राज खोसलांनी १९६६ मध्ये 'मेरा साया' केला. त्यातल्या गाण्यामुळे बरेली आणि झुमका ही जोडी देशभर अशी रुजली, की २०२० मध्ये त्या शहराने चौकात भला मोठा झुमकाच उभारला! मूळ चित्रपट मराठी होता हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गदिमांचं 'या डोळ्यांची दोन पाखरे' आशाबाईंच्या आवाजात ऐकलं की अंगावर अजून काटा येतो.

तर, ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला ती जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' कुठल्या वाचनालयात वाचायला मिळेल का? मूळ पुस्तक नको, झेरॉक्सही चालेल. थिएटरबाहेर मिळणारी गाण्यांची पुस्तिका कुणी जपली असेल तर फोटो टाका. आणि तुमच्या घरात कुणी 'पाठलाग' तेव्हा थिएटरात पाहिला असेल, तर कृपया त्यांना विचारा: कोर्टाच्या प्रसंगाला प्रेक्षक कुणाच्या बाजूने होते? तिच्या, की त्याच्या? आठवेल तसं, चार ओळी लिहिल्या तरी पुरे.