चर्चा : अमानुल्लाची चिठ्ठीने सैन्यभरती चुकीची होती का?

निपाणीकर :
अफगाणिस्तानच्या अमानुल्ला खानाने (१९१९ ते १९२९) सुधारणांच्या घाईत गादी गमावली, असे सर्रास म्हटले जाते. मला त्याची लष्करी सुधारणा मुळात योग्य वाटते. अब्दुर रहमान खानाच्या काळापासून तेथे 'हश्त नफरी' चालत असे, म्हणजे आठ पुरुषांमागे एक शिपाई, आणि तो कोण हे टोळीतील वडीलधारे ठरवत. शिपाई कोण होणार हे ज्या फौजेत मलिक, म्हणजे टोळीचा म्होरक्या, ठरवतो, ती फौज राजाची कशी म्हणावी? अमानुल्लाने ओळखपत्रे देऊन चिठ्ठ्या टाकून भरती सुरू केली, ती हे मध्यस्थ हटवण्यासाठीच.

खानापूरकर :
मध्यस्थ हटवला, पण त्याच्या जागी टोळीला काय दिले? उलट शिपायांच्या पगारातही कपात झाली. १९२४ मध्ये खोस्तची मंगल टोळी उठली (नव्या कौटुंबिक कायद्यांचा रागही त्यात होता), तेव्हा बंड मोडण्यासाठी राजाला दुसऱ्या टोळ्यांचेच लोक बोलवावे लागले. आमच्याकडे कित्तूर संस्थानच्या शेतसनदींना, म्हणजे गावोगावच्या शिपायांना, चाकरीबद्दल जमीन असे. ते टोळीवाले नव्हते, तरी व्यवहार ओळखीचा आहे. कित्तूर कंपनीकडे गेल्यावर त्या जमिनींवर गदा आली आणि संगोळ्ळी रायण्णा हा शेतसनदीच बंडाचा पुढारी झाला. १८३१ मध्ये त्याला नंदगडला फाशी दिली, त्या जागी आजही लोक नवस बोलतात.

निपाणीकर :
मग १२०६ मध्ये चंगेज खानाने टोळ्या फोडून दहा, शंभर, हजार अशा तुकड्यांत माणसे बांधली, ते कसे टिकले?

खानापूरकर :
फोडल्या त्या मुख्यतः हरलेल्या टोळ्या. ओंगुत टोळीसारखे जे आपणहून आले, त्यांच्या हजारांच्या तुकड्या त्यांच्याच सरदारांकडे राहिल्या. शिवाय मोहिमांतील लुटीचा वाटा शिपायापर्यंत पोहोचत असे. अमानुल्लाकडे वाटायला काहीच नव्हते. अमानुल्लाची गादी गेल्यावर १९२९ च्या ऑक्टोबरात त्याचाच जुना सेनापती नादिर खान याने टोळ्यांच्याच बळावर काबूल घेतले आणि दक्षिणेतील त्या टोळ्यांना सक्तीच्या भरतीतून सूट दिली.

निपाणीकर :
पगारकपात ही घोडचूक होती, हे मान्य करतो. परंतु नादिरच्या सवलतीला मी शहाणपण म्हणणार नाही. ज्या टोळ्यांना सूट मिळाली त्यांचा भार इतर प्रांतांतील शेतकऱ्यांच्या मुलांवर पडला, आणि त्या मुलांच्या बाजूने बोलायला कोणी मलिक नव्हता.