दखल, कदर की मान्यता? युवा उपक्रम चालवणाऱ्यांच्या अनुभवासाठी नेमका शब्द कोणता

(शब्दांवरची गप्पांतली चर्चा. ‘तळटीप’, ‘आडवळण’ वगैरे ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप:
एका स्वयंसेवी संस्थेचा मसुदा तपासायला आला आहे. मुलामुलींची पथकं, शिबिरं, साहससहली वर्षानुवर्षं विनामोबदला चालवणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल आहे. त्यांच्या अंगी जे आलं आहे, त्याला नोकरीच्या किंवा अभ्यासक्रमाच्या जगात किंमत मिळावी, असा विषय. शीर्षक असं: ‘प्रौढ युवा कार्यक्रम नेत्यांच्या कौशल्य व अनुभवाची ओळख’. मला तीन जागी ठेच लागते. प्रौढ असून युवा कसे? ‘नेते’ कशाला? आणि ‘ओळख’ म्हणजे इथे काय?

आडवळण:
‘प्रौढ युवा’ हा सरळ वदतोव्याघात! ‘युवा नेता’ म्हटलं की फलकावर हात जोडून उभा असलेला उमेदवार दिसतो, त्यामुळे ‘नेते’ही नको. ‘युवा उपक्रमांचे मार्गदर्शक’ म्हणा आणि ‘प्रौढ’ खोडून टाका. मुलांचं शिबिर मोठी माणसंच चालवणार, ते वेगळं कशाला सांगायचं?

शिबिरकर:
खोडू नका. स्काउट पद्धतीत छोट्या संघाचा नायक हा मुलांपैकीच एक असतो. तोही नेतृत्वच करतो, आणि ती त्या पद्धतीची खरी गंमत आहे. म्हणून मोठ्यांना वेगळं दाखवणारं विशेषण लागतंच. फक्त ‘प्रौढ’ शब्द मराठीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन बसला आहे, विशी-बाविशीतल्या पथकप्रमुखाला तो लावला तर तो मागे वळून बघणार नाही. ‘सज्ञान’ कायद्यातला शब्द आहे, पण इथे चपखल बसतो, कारण मुद्दा जबाबदारीचाच आहे. रात्री एखाद्या मुलाला ताप चढला तर पालकांना उत्तर कोण देणार, हे त्या शब्दात येतं.

तळटीप:
‘सज्ञान मार्गदर्शक’ चालेल. आता ‘ओळख’?

शब्दवेधी:
‘ओळख’ इथे साफ चूक. कौशल्याची ओळख करून देणं म्हणजे नवशिक्याला पहिला धडा देणं. इथे उलट आहे, माणूस मुरलेला आहे आणि जगाने ते मान्य करायचं आहे.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही वेगळी कामं करतात. ‘दखल’ अरबीतून आला, मूळ अर्थ प्रवेश. हिंदीत ‘दखल देना’ म्हणजे ढवळाढवळ करणं, आपल्याकडे ‘दखल घेणे’ म्हणजे लक्षात घेणं. दखल घेतली म्हणजे किंमत ठरवली असं नाही. तक्रारीचीही दखल घेतात. ‘कदर’ही अरबीच. त्यात किंमत आहे, पण ती मनातली. कदर करणाऱ्यावर काही बंधन येत नाही. ‘मान्यता’ ‘मान्य’पासून. मान्यता देणाऱ्याला अधिकार असावा लागतो, आणि एकदा दिली की त्याला ती पाळावी लागते.

विभक्तीही बघा: अनुभवाची दखल घेतात, कष्टांची कदर करतात, कौशल्याला मान्यता देतात. पहिल्या दोन्हीत षष्ठी, तिसऱ्यात चतुर्थी. मान्यता ही कुणाच्या तरी हातात पडायला हवी, असं व्याकरणच सुचवतंय म्हणा ना. (हे शेवटचं माझं आपलं. वैयाकरणांनी मनावर घेऊ नये.)

शिबिरकर:
यात एक चौथी जोडी घालतो, कारण आमचं सगळं दुःख तिच्यात आहे: प्रशस्तिपत्र आणि प्रमाणपत्र. प्रशस्ती म्हणजे स्तुती, प्रमाण म्हणजे पुरावा. पथक चालवणाऱ्याला वर्षअखेर जे मिळतं ते प्रशस्तिपत्र. शाल, टाळ्या, ‘आपल्या निःस्वार्थ सेवेबद्दल’. ते घेऊन मुलाखतीला गेलं तर समोरचा हसून बाजूला ठेवतो. त्याचं चुकतं असंही नाही, कारण त्या कागदात या माणसाला काय करता येतं, हे लिहिलेलंच नसतं. ‘अनुभव प्रमाणपत्रा’तही फक्त ‘अमुक साल ते तमुक साल कार्यरत’ एवढंच.

म्हणून शीर्षकात ‘कौशल्य व अनुभव’ अशी जोडगोळी मला खटकते. अनुभवाला मान्यता देता येत नाही. अनुभवातून आलेल्या कौशल्याला देता येते. एकच चूक वीस वर्षं करणाऱ्यालाही वीस वर्षांचा अनुभव असतोच.

युरोपीय संघाच्या परिषदेने डिसेंबर 2012 मध्ये शाळा-कॉलेजबाहेरच्या शिक्षणाला मान्यता देण्याबाबत सदस्य देशांना शिफारस केली. तिच्यात पायऱ्या चार: काय येतं ते हुडकणं, त्याची नोंद करणं, ते पारखणं आणि मग प्रमाणित करणं. युनेस्कोचीही याच विषयावरची मार्गदर्शक तत्त्वं 2012 चीच. आमच्यासारख्यांचं घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. विचारलं, काय केलंस? तर उत्तर येतं: ‘काही नाही हो, मुलं सांभाळली.’

आडवळण:
‘सांभाळली’! हे क्रियापद सगळं गिळून बसतं. पाळण्यातलं बाळही सांभाळतात, हिशेबही सांभाळतात, तोलही सांभाळतात.

शिबिरकर:
तेच तर. ‘सांभाळली’च्या पोटात काय काय आहे ते सांगतो. नदीकाठी उतरायचं तर पाणी कधी वाढू शकतं याचा अंदाज बांधला. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे पालकांकडून लेखी घेतलं. मुलांच्या संख्येच्या मानाने किती मोठी माणसं लागतील ते ठरवलं, आणि कुणीही मोठा माणूस एका मुलासोबत एकटा राहणार नाही अशी व्यवस्था लावली. पैसे कमी पडले तेव्हा कार्यक्रम बदलला, सुरक्षेला हात लावला नाही. दोन गटांचं भांडण मिटवलं, तेही आपण निकाल न देता, त्यांच्याच तोंडून तोड काढून. यातली प्रत्येक गोष्ट नोकरीच्या जाहिरातीत वेगळ्या भारी नावाने छापलेली असते.

म्हणून माझी सूचना अशी की मसुद्यात नामं कमी करा, क्रियापदं वाढवा. ‘नेतृत्वगुण’, ‘संघभावना’ या शब्दांना पारखणारा हातच लावू शकत नाही. ‘आखलं, नेमलं, रोखलं, समेट घडवला’ हे पारखता येतं.

शब्दवेधी:
‘कौशल्य’ आणि ‘हातोटी’ यांतला फरक इथे कामी येईल. हातोटी ज्याची त्याची असते, ती सांगता येत नाही. कौशल्य दाखवता येतं, शिकवता येतं, म्हणून पारखताही येतं. ‘सराईत’ मात्र टाळा. शब्द वाईट नाही, पण बातम्यांनी तो चोरांना देऊन टाकला आहे.

पानगळ:
मला हे सगळं थोडं नकोसं वाटतं. बिनपगारी आणि फुल अधिकारी, यातच मजा होती. आता प्रत्येक शेकोटीनंतर पुराव्याचे फोटो आणि सह्या गोळा करायच्या? मुलांसाठी येणारा माणूस कागदासाठी येऊ लागेल.

शिबिरकर:
भीती खोटी नाही. पण स्काउट चळवळीने मोठ्यांना शिकवून खूण द्यायची पद्धत फार लवकर लावली. 1919 मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला पहिला वुड बॅज वर्ग झाला. प्रशिक्षण पुरं करणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचे दोन मणी येतात. त्यामुळे कुणी कमी निःस्वार्थ झालं नाही. अडचण एवढीच की त्या मण्यांचा अर्थ चळवळीच्या आतल्यालाच कळतो. बाहेरच्याला ती नुसती माळ. मान्यता म्हणजे तो अर्थ बाहेरच्याला वाचता येईल अशा लिपीत लिहिणं. आणि हे ऐच्छिक असावं, यात तुमच्याशी सहमत.

पुराव्याचं म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक शिक्षणात पुराव्याला चार कसोट्या लावतात: तो विषयाला धरून हवा, पुरेसा हवा, त्याच माणसाचा हवा आणि ताजा हवा. फोटोंचा ढीग यातल्या पहिल्या कसोटीवरच पडतो. जुन्या शिबिराचा आराखडा, धोक्यांची यादी आणि सोबत काम केलेल्या जाणकाराचं सहीचं पत्र, एवढं पुष्कळदा जास्त बोलकं ठरतं. ‘ताजा’ ही कसोटी मात्र जुन्या खोडांना झोंबते. प्रथमोपचाराची पद्धत बदलत राहते, पूर्वी कधीतरी शिकलेलं आज पुन्हा दाखवावंच लागतं.

पानगळ:
ऐच्छिक असेल तर हरकत नाही. मी माळेवरच खूश.

तळटीप:
सगळ्यांचे आभार. शीर्षक असं करते: ‘युवा उपक्रमांच्या सज्ञान मार्गदर्शकांनी अनुभवातून मिळवलेल्या कौशल्यांना मान्यता’. लांब आहे, पण अर्थ सांडत नाही. प्रस्तावनेत ‘संस्था त्यांच्या कार्याची कदर करते’ हे वाक्य आहे, ते ठेवू का?

शब्दवेधी:
ठेवा, पण आभाराच्या परिच्छेदात. प्रस्तावनेत ठेवलंत तर वाचणारा तिथेच थांबेल आणि शाल आणायला जाईल.